दोन पायांचं माप

जून २०१९. शाळा सुरू व्हायला चार दिवस होते आणि मी माझ्या लेकीच्या नव्या स्कर्टची दुमड तिसऱ्यांदा उसवत होते. मी शिवणकाम करते. कराड तालुक्यातल्या आमच्या गावाचे आणि शेजारच्या दोन गावांतल्या शाळांचे गणवेश माझ्याकडे येतात. मे अर्धा सरला की मशीनवरून उठायला सवड नसते. गावातल्या सगळ्या पोरींचे स्कर्ट नीट बसले आणि घरच्या पोरीचा तेवढा डावीकडून बोटभर खाली लोंबत होता. आधी वाटलं, कापड तिरकं कापलं गेलं. मग वाटलं, पट्टा चुकला. तिसऱ्यांदा उसवल्यावर मी स्कर्ट बाजूला ठेवला आणि तिला नुसती उभी केली.

उभी राहताना ती उजवा गुडघा किंचित मोडायची. "सरळ उभी राहा गं," म्हटलं की गुडघा ताठ व्हायचा आणि डावी टाच जमिनीवरून उचलली जायची. मी टेप घेतली. कंबरेच्या हाडापासून जमिनीपर्यंत आधी उजवीकडून मोजलं, मग डावीकडून. डावीकडे इंचभर कमी भरलं. माझ्या हाताची चूक असेल म्हणून पुन्हा मोजलं. तेवढंच.

तेव्हा ती साडेनऊ वर्षांची होती. गेलं वर्षभर तिची चाल जरा डुलती दिसायची, पण आम्ही ती सवय समजत होतो. सासूबाई म्हणायच्या, "हिच्या आजोबांची चाल अशीच होती." शाळेत लंगडीच्या खेळात ती कायम उजव्या पायावर उड्या मारायची आणि सगळ्यांना बाद करायची, त्याचं आम्हाला कौतुक होतं.

कारण शोधायला मला फार मागे जावं लागलं नाही. जानेवारी २०१६मध्ये, संक्रांतीच्या आदल्या दिवशी, ती परसातल्या पेरूच्या झाडावरून पडली होती. डावा पाय दगडी बांधाच्या फटीत अडकला आणि अंग दुसरीकडे फिरलं. मांडीचं हाड गुडघ्याच्या जरा वर मोडलं. जवळच्या एका दवाखान्यात हाड बसवून प्लास्टर घातलं. सहा आठवड्यांनी ते काढलं, एक्स-रे बघितला आणि डॉक्टर म्हणाले, "हाड छान जुळलंय, आता काही काळजी नाही." हाड खरोखर छान जुळलं होतं. पण ते जिथे मोडलं होतं त्या जागेबद्दल आम्हाला कोणी काही सांगितलं नाही. पुन्हा कधी दाखवायला या, असंही कोणी म्हणालं नाही. लहान मुलांच्या हाडांच्या टोकांजवळ कूर्चेची एक पातळ चकती असते. तिला ग्रोथ प्लेट म्हणतात आणि हाडाची लांबी तिथूनच वाढते. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाची चकती पायातल्या सगळ्या चकत्यांत जास्त काम करते, वर्षाला जवळपास ९ मिलिमीटर. नडगीच्या वरच्या टोकाची वर्षाला ६ मिलिमीटरच्या आसपास. माझ्या लेकीची नेमकी ती सगळ्यात कामाची चकती दुखावली होती. हे मला साडेतीन वर्षांनी कळलं, आणि ते आठवलं की अजूनही घशाशी येतं. गुडघ्याजवळ हाड मोडलेल्या मुलाचे दोन्ही पाय निदान दोन वर्षं, दर सहा महिन्यांनी तपासायला हवेत. एवढं एक वाक्य त्या दिवशी कागदावर लिहून मिळालं असतं, तरी मी ते पाळलं असतं.

पुण्याला जायच्या आधी आणखी एक वळण झालं. नात्यातल्या एकांनी शेजारच्या तालुक्यातला एक माणूस सुचवला. तो पाय ओढून लांबी सारखी करतो, असं म्हणत होते. मीही गेले, कारण त्या दिवसांत कोणी काहीही सांगितलं असतं तरी मी गेले असते. त्याने तिला बाकावर उताणी निजवलं, दोन्ही घोटे धरले, डावा पाय झटक्याने ओढला आणि टाचा एकमेकींना लावून दाखवल्या. "बघा, सारखे झाले." टाचा खरंच जुळल्या होत्या. घरी आणून उभी केली तर उजवा गुडघा परत मोडलेला. नंतर डॉक्टरांनी सांगितलं तेव्हा उलगडा झाला. आडव्या माणसाची कंबर थोडी तिरकी केली की एक टाच खाली येते. हाड तेवढंच राहतं. खरं तर हे मला आधीच सुचायला हवं होतं. कंबर सरळ नसताना घेतलेलं माप शिवणकामात कोणी धरत नाही.

पुण्यात ज्यांच्याकडे गेलो त्या फक्त लहान मुलांच्या हाडांच्या डॉक्टर आहेत. आम्ही त्यांना मॅडम म्हणतो. त्यांनी आधी तिला व्हरांड्यात चालायला लावलं, मग पाठमोरी उभी केली. कंबरेच्या दोन्ही बाजूंच्या हाडांवर हात ठेवले आणि मावशींना लाकडी ठोकळे आणायला सांगितले. अर्ध्या सेंटीमीटरचे, एकाचे, दोनाचे. डाव्या पायाखाली एकेक ठेवत गेल्या. दोन ठेवले, अजून डावी बाजू खाली. अडीच, अजून जराशी. त्यावर पातळसा एक पुठ्ठा सरकवला आणि दोन्ही हात एका पातळीत आले. त्याबरोबर तिचा वाकडा वाटणारा पाठीचा कणाही सरळ झाला. कणा खाली पायांमुळे झुकत होता, त्याचा स्वतःचा बाक नव्हता. मी ते डोळ्यांनी बघितलं आणि कित्येक दिवसांनी मोकळा श्वास घेतला, कारण घरी मला पाठीचीच धास्ती लागली होती.

मॅडमनी टेपनेही मोजलं. कंबरेच्या पुढच्या टोकदार हाडापासून आतल्या घोट्यापर्यंत. मी विचारलं, "मग ठोकळे कशाला?" त्या म्हणाल्या, "टेप मांसावरून जाते, मांडीची जाडी बदलली की आकडा बदलतो. सेंटीमीटरभर चूक सहज होते. आणि तळपायात फरक असेल तर टेपला तो कळतच नाही, ती घोट्याशी थांबते." मग तिला निजवून दोन्ही गुडघे दुमडले आणि टाचा शेजारी शेजारी ठेवल्या. पायाकडून पाहिलं तर दोन्ही गुडघे सारख्या उंचीवर. बाजूने पाहिलं तर डावा गुडघा मागे. म्हणजे नडगी सारखी, कमी भरतंय ते मांडीचं हाड. उपकरण नाही, सुई नाही, आणि अर्ध्या मिनिटात आजाराचा पत्ता लागला.

त्यानंतर स्कॅनोग्राम झाला. कंबरेपासून घोट्यापर्यंत दोन्ही पायांचा उभ्याने काढलेला लांब एक्स-रे, शेजारी मोजपट्टी. आकडा आला २.८ सेंटीमीटर. एमआरआयमध्ये दिसलं की दुखावलेल्या चकतीच्या अर्ध्याहून जास्त भागावर हाडाचा पूल बांधला गेलाय आणि वर-खालचं हाड एकमेकांना चिकटलंय. पूल लहान असता तर तो कोरून काढून मध्ये चरबी भरतात, आणि उरलेली चकती पुन्हा वाढू शकते. आमच्या बाबतीत ती वाट बंद झाली होती. तीन वर्षं आधी आलो असतो तर? मी विचारलंच. मॅडम खोटा धीर देणाऱ्यांतल्या नाहीत. "कदाचित," एवढंच म्हणाल्या आणि कागद पुढे ओढला.

त्या कागदावरची आकडेमोड मी आजही जपून ठेवली आहे. डाव्या हाताच्या पंजाचा एक्स-रे काढून त्यांनी तिच्या हाडांचं वय ठरवलं. जन्मतारखेचं वय आणि हाडांचं वय वेगळं असू शकतं, आणि वाढ किती उरली ते हाडांच्या वयावरून ठरतं. मला पाळी कोणत्या वर्षी आली, तेही विचारलं. मुलींचे पाय साधारण चौदाव्या वर्षापर्यंत वाढतात, मुलांचे सोळाव्या. म्हणजे आमच्याकडे साडेचार वर्षं होती. उजवा पाय दर वर्षी ९ मिलिमीटरने पुढे जाणार. साडेचार वर्षांचे चार सेंटीमीटर, त्यात आजचे २.८ मिळवा. वाढ थांबेल तेव्हा फरक सातच्या आसपास. मी इंचभर कापडाचा हिशोब घेऊन गेले होते आणि तो पावणेतीन इंचांचा निघाला.

हा फरक आजचा नव्हे, शेवटचा धरायचा, हे समजायला मला दोन भेटी लागल्या. दोन सेंटीमीटरच्या आतला फरक बहुतेकांना जाणवतही नाही, पुष्कळ लोक तो आयुष्यभर वागवतात आणि त्यांना कळतसुद्धा नाही. त्याच्या पुढे बूट उंच करतात, किंवा लांब पायाची चकती वेळ साधून बंद करतात म्हणजे आखूड पाय त्याला गाठतो. पाचाच्या पुढे गेलं की आखूड हाड लांब करण्याचा विचार येतो. आमच्यापुढे मॅडमनी दोन वाटा ठेवल्या. उजव्या मांडीच्या हाडाची चकती आत्ताच बंद करायची. छोटं ऑपरेशन, दोन दिवसांत घरी, फरक आहे तेवढ्यावर राहील. पण तिची उंची चार सेंटीमीटरने कमी होणार आणि बुटाला टाच आयुष्यभर. दुसरी वाट म्हणजे बाराव्या वर्षापर्यंत थांबायचं. मग डावं हाड पाच सेंटीमीटर लांब करायचं, त्याच वेळी उजवी चकती बंद करायची आणि डावीकडचा उरलासुरला तुकडाही, म्हणजे पाय वाकडा वाढणार नाही. यात उंची दीड-पावणेदोन सेंटीमीटरच जाणार, पण मधले सहा-सात महिने फार कठीण.

हे म्हणाले, "चांगल्या पायाला हात कशाला लावायचा?" सासूबाईंचंही तेच. घरात पंधरा दिवस हा एकच विषय होता. मला मात्र दुसऱ्या वाटेतली वजाबाकी पटली. उजवा पाय वाढतच राहिला तर लांब केलेलं पुन्हा कमी पडेल, हे मी ह्यांना कपड्याच्या दोन पट्ट्या कापून, एक ओढून, दाखवलं. लेकीलाही विचारलं. साडेनऊ वर्षांच्या पोरीला काय कळतं, असं म्हणणारे पुष्कळ भेटले. तिने एकच विचारलं: "मला परत झाडावर चढता येईल का?" मॅडम म्हणाल्या, "पेरूच्या नको, पण चढता येईल."

मग तीन वर्षं बुटांची. कराडला स्टँडजवळ एक काका बसतात, त्यांनी डाव्या बुटाचा तळ सोडवून मध्ये रबराची हलकी शीट घातली. पूर्ण २.८ भरायचं नसतं. मॅडमनी दोनच सांगितलं होतं, त्यातलं अर्धा सेंटीमीटर आत आणि दीड बाहेर. आत जास्त घातलं तर टाच बुटातून निसटते. काकांनी पुढच्या बाजूला शीट जरा तासून दिली, म्हणजे पाऊल टाकताना बोटांशी बूट अडखळत नाही. हे त्यांना कोणी शिकवलं नव्हतं. त्यांनी तिला दहा पावलं चालवून पाहिली आणि स्वतःच केलं. दर सहा महिन्यांनी नवी शीट, आणि मजुरी घेताना प्रत्येक वेळी त्यांचा हात मागे यायचा.

पण आपल्या घरात बूट घालतो कोण? सकाळी उठल्यापासून शाळेत निघेपर्यंत ती अनवाणी, शाळेतून आल्यापासून निजेपर्यंत अनवाणी. देवळात अनवाणी, लग्नात पंगतीला अनवाणी. शाळेच्या सहा तासांतलीही निम्मी वेळ ती बसलेलीच. उंच बुटाचा उपयोग आमच्याकडे दिवसातून तीन तास होत होता. मी घरात घालायला कापडी चप्पल शिवली, डाव्या तळाला रबर लावून. सासूबाईंनी ती चप्पल स्वयंपाकघरात आणू दिली. ज्या बाईने पन्नास वर्षं चुलीपुढे वहाण येऊ दिली नव्हती तिने स्वतः म्हटलं, "पाय आहे तो, वहाण नाही." मला त्यांचं ते बोलणं कायम लक्षात राहील.

मार्च २०२०मध्ये टाळेबंदी आली आणि पुण्याची वाट बंद झाली. सहामाही मोजणी चुकणार म्हणून मी घाबरून फोन केला. मॅडमनी विचारलं, घरात एकसारख्या वह्या आहेत का? होत्या, शाळेच्या दोनशे पानी. दहा वह्यांची चळत मोजपट्टीने मोजायची, दहाने भागायचं, म्हणजे एका वहीची जाडी कळते. मग पायाखाली एकेक वही सरकवायची आणि मागून कंबरेवर दोन्ही हात ठेवायचे. हात एका पातळीत आले की फोटो काढून पाठवायचा. टाळेबंदीत मी दोनदा असं माप पाठवलं, ३.४ आणि ३.८. पुढे स्कॅनोग्राम झाला तेव्हा दोन-तीन मिलिमीटरचीच तफावत निघाली. मॅडमनी ते शिकाऊ डॉक्टरांना बोलावून दाखवलं.

एप्रिल २०२२मध्ये फरक ५.२ होता आणि ती सव्वाबारा वर्षांची. दोन महिन्यांपूर्वीच पाळी आली होती, त्यामुळे आता थांबून चालणार नव्हतं. भिशी उचलली, पतसंस्थेचं कर्ज घेतलं आणि परीक्षा आटोपल्याबरोबर पुणं गाठलं.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मॅडम तिच्या खाटेवर येऊन बसल्या आणि त्यांनी सायबेरियातल्या कुर्गानची गोष्ट सांगितली. दुसऱ्या महायुद्धानंतर तिथे गावरिल इलिझारोव नावाचे डॉक्टर होते. युद्धात हाडं मोडलेले, न जुळलेले लोक आजूबाजूला असंख्य. त्यांनी कड्या आणि तारांचं एक यंत्र बनवलं आणि त्यांच्या लक्षात आलं की कापलेल्या हाडाची दोन टोकं अगदी हळूहळू एकमेकांपासून दूर नेली, तर मधल्या फटीत शरीर नवं हाड तयार करतं. घाई केली तर फट रिकामी राहते, फार रेंगाळलं तर हाड मध्येच जुळून बसतं. दिवसाला एक मिलिमीटर, तेही चार हप्त्यांत, हे प्रमाण त्यांनी बसवलं. १९६४च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये उंच उडीचं सुवर्णपदक जिंकलेल्या वालेरी ब्रुमेलचा पाय पुढच्याच वर्षी मोटरसायकलच्या अपघातात चुरडला. बऱ्याच शस्त्रक्रियांनी जमलं नाही ते इलिझारोव यांनी केलं आणि तो पुन्हा उडी मारू लागला. लेक हे ऐकून म्हणाली, "मग माझं काय, मला तर नुसतं चालायचंय." आणि झोपली. मी जागी होते.

तिला कड्यांचं यंत्र लावलं नाही. मांडीला कड्या अडचणीच्या होतात, म्हणून बाहेरच्या बाजूने एकच जाड दांडी लावली, तिला रेल म्हणतात. वर तीन आणि खाली तीन असे सहा स्क्रू मांडीतून हाडात. मध्ये हाड कापलेलं, पण त्याच्या वरचं आवरण शक्य तितकं जपलेलं, कारण नवं हाड धरायला त्या आवरणाची मदत होते. पहिले सात दिवस काहीच करायचं नाही. आठव्या दिवशी सिस्टरांनी माझ्या हातात एक सहाकोनी चावी दिली. चावीचा पाव फेरा म्हणजे पाव मिलिमीटर. सकाळी ७, दुपारी १२, संध्याकाळी ५, रात्री १०.

पहिला पाव फेरा देताना माझा हात थरथरला. आयुष्यभर कात्री चालवणारा हात. लेकच म्हणाली, "आई, दुखत नाही, फिरव." फेरा देताना खरंच दुखत नाही. दुखतं ते रात्री, स्नायू ताणल्यामुळे. हाड वाढायला तयार असतं, मांस मागे ओढत असतं. मांडीतून ठणका निघाला की ती उशी चावायची आणि मी तिच्या पोटऱ्या चोळत बसायचे. वेदनेची गोळी वेळेवर द्यायची, ती मागेल तेव्हा नाही, हे मी उशिरा शिकले.

घरी आल्यावर तिसऱ्या आठवड्यात एक चूक झाली. मी माळवं आणायला गेले होते, दुपारचा फेरा ह्यांनी दिला, तो उलटा. संध्याकाळी पुन्हा उलटा. रात्री वहीत लिहिताना मोजपट्टीवरचा आकडा कमी दिसला आणि माझ्या पोटात गोळा आला. मॅडमना रात्री साडेदहाला फोन केला. त्या शांतपणे म्हणाल्या, "अर्धा मिलिमीटर मागे गेलंय, बाकी काही बिघडलेलं नाही. उद्यापासून ठरल्याप्रमाणे." दुसऱ्या दिवशी मी नेलपॉलिशने दांडीवर बाण काढला. ह्यांनी आठ दिवस चावीला हात लावला नाही, मग एक दिवस आपणहून म्हणाले, "दे, मी देतो." त्यानंतर रात्री १०चा फेरा शेवटपर्यंत त्यांचाच.

स्क्रूच्या तोंडाशी रोज सलाईनच्या पाण्याने पुसून गॉज गुंडाळायचं. दोनदा एका स्क्रूभोवती लाली आली, पू आला, गोळ्या सुरू झाल्या, आठवड्यात बसलं. हे होणारच म्हणून मॅडमनी आधी सांगितलं होतं, त्यामुळे घाबरलो नाही. कपड्यांचा प्रश्न मी सोडवला. डावी बाजू कंबरेपासून खालपर्यंत उघडी आणि त्यावर टिचबटणं, अशी पायजमी शिवली. दांडीला जागा मिळावी म्हणून मांडीशी चार इंच जास्त घेर. तपासणीला गेलो की इतर आया ती उलटून पालटून बघायच्या. मी अकरा जणांना शिवून दिल्या आणि त्या मुलांची मापं घेताना त्यांच्या आयांशी जे बोलणं झालं त्यावर मी ते महिने काढले.

दर दहा-बारा दिवसांनी पुणं, एक्स-रे. येताना खंबाटकीच्या घाटातल्या प्रत्येक वळणाला मी तिची मांडी दोन्ही हातांनी धरून बसायचे. एक्स-रेत फटीमध्ये आधी काहीच दिसत नव्हतं. मग धुक्यासारखं काहीतरी. मग वरून आणि खालून निघालेल्या बारीक उभ्या रेघा, भाताचं रोप उगवावं तशा. चोविसाव्या दिवशीच्या फोटोत मॅडमना ते धुकं विरळ वाटलं आणि गुडघाही ४५ अंशांवर अडकला होता. दहा दिवस चारऐवजी तीनच फेरे सांगितले. मला वाटलं, सगळं हातचं जातंय. पण दहा दिवसांनी धुकं दाट झालं. असं करत ५ सेंटीमीटर व्हायला ५३ दिवस लागले.

खरी लढाई गुडघ्याची होती. मांडी लांब करताना गुडघा आखडतो आणि आखडलेला गुडघा सोडवणं हाड वाढवण्यापेक्षा अवघड. फिजिओथेरपीच्या ताई कराडहून आठवड्यातून तीनदा यायच्या, बाकी दिवस मी. दिवसातून चार वेळा वीस-वीस मिनिटं. ती रडायची, माझ्या अंगावर ओरडायची, एकदा म्हणाली, "तू माझी आई नाहीस." मी तो दिवस वहीत लिहिला नाही, फक्त अंश लिहिले, ४८. ताईंनी तिला विचारलं, तुला काय करायचंय पाय बरा झाल्यावर? ती म्हणाली, जेवायला मांडी घालून बसायचंय. तेच ध्येय ठेवलं. खुर्चीत बसायला ९० अंश पुरतात. मांडी घालायला त्याच्या बरंच पुढे जावं लागतं.

लांबी पूर्ण झाल्यावर चावी थांबली, पण दांडी तशीच. आता नवं हाड पक्कं व्हायला त्याच्या दुप्पट वेळ. वॉकर, मग काठी, आणि पायावर थोडं थोडं वजन, कारण वजन पडल्याशिवाय हाड पक्कं होत नाही. ऑगस्टपासून ती शाळेत जाऊ लागली, दाराशी रिक्षा, वर्गात शेवटच्या बाकाला पाय पसरून. एक्स-रेत हाडाच्या चारपैकी तीन कडा स्पष्ट दिसल्या की दांडी निघते. दिवाळी दांडीसकट झाली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात, ऑपरेशनला जवळपास सात महिने होताना, ती निघाली. नवं हाड तेव्हा कोवळं असतं, पडलं तर मोडतं, म्हणून पुढचे दोन महिने मी तिला न्हाणीतही एकटी जाऊ दिली नाही.

आता ती वाढायची थांबली आहे. २०२४च्या स्कॅनोग्रामात फरक ४ मिलिमीटर. गुडघा १३० अंश वाकतो. मांडी घालून बसते, उकिडवं बसायला अजून आधार लागतो. मांडीवर सहा व्रण आहेत, स्कर्टखाली झाकले जातात, पण ती झाकत नाही. बुटाच्या काकांना दाखवायला गेलो तेव्हा त्यांनी दोन्ही बूट उलटे करून तळ बघितले आणि बराच वेळ हातात धरून बसले.

गेल्या महिन्यात शेजारच्या आळीतला सात वर्षांचा पोरगा सायकलवरून पडला. गुडघ्याच्या वर मोडलं, तीच जागा. प्लास्टर निघाल्यावर त्याची आई पेढे घेऊन आली. मी काही बोलायच्या आत लेक उठली, कपाटातून दोनशे पानी वह्या काढल्या आणि पोराला भिंतीशी पाठमोरा उभा केला. एकही वही लागली नाही. तरी तिने त्याच्या आईला फोनमधली तारीख काढायला लावली, सहा महिने पुढे मोजले आणि म्हणाली, "काकू, या दिवशी दोन्ही पायांचा फोटो काढून घ्या. विसरलात तर मी येते आठवण करायला."